पाच झाडं पुरे! पाणी-गोट्यांच्या बरणीचा धंदा सुरू करण्याआधी हे वाचा



पाण्यातल्या झाडांचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने येतो आहे. "ताई, सुरुवातीला किती व्हरायटी ठेवू?" कोणी वीस झाडांची यादी पाठवतं, कोणी तीस. एका दादाने तर रील पाहून-पाहून बावन्न झाडांची यादी केली आणि वर विचारलं, "कर्ज किती काढावं लागेल?"

माझं उत्तर आजही तेच आहे. पाच. आणि ती पाच कोणती, हे रीलवाला ठरवणार नाही, ठोक व्यापारी ठरवणार नाही, मीसुद्धा नाही. आपल्या गोंदियाचा मे महिना ठरवेल.

हे ऐकायला फारसं आवडत नाही, ठाऊक आहे मला. ट्रेनिंगच्या बॅचमध्येही लोक हिरमुसतात. पण मी स्वतः दुकान चालवते आणि हे उत्तर मला पुस्तकात मिळालेलं नाही. त्यासाठी मी पैसे मोजले आहेत. कसे, ते आधी सांगते.

माझी पहिली खेप

दुकानाचं दुसरं वर्ष होतं. गिफ्टचं दुकान, लग्नसराई तोंडावर. नागपूरहून ६० तयार बरण्या आणल्या. काचेची गोल बरणी, आत रंगीत गोटे, वर लाल रिबीन बांधलेला लकी बांबू, काहींत लाल पानांची झाडं. एक बरणी २२० रुपयांना पडली, म्हणजे १३,२०० रुपये गुंतले. विक्रीची किंमत ठेवली ३५०. बीबीए केलेलं डोकं, लगेच हिशेब मांडला : प्रत्येक बरणीमागे १३० नफा, साठांचे ७,८००. वा!

एप्रिल संपेपर्यंत पानं पिवळी पडायला लागली. मे महिन्यात दुकान रात्री बंद असायचं, वर सिमेंटचा स्लॅब, सकाळी शटर उघडलं की आतून भट्टीसारखी हवा अंगावर यायची. पाण्याला वास यायला लागला. जून लागेपर्यंत ६० पैकी २४ बरण्या दुकानातच मेल्या. ३६ विकल्या, १२,६०० रुपये आले. १३,२०० घालून १२,६०० कमावणारी मी बहुधा गावातली एकटीच!

तरी तोटा ६०० रुपयांचा, तो पचला असता. पचली नाही ती दुसरी गोष्ट.

आमगावकडच्या एका ताईने नवीन शिवणकामाचं दुकान टाकलं होतं. उद्घाटनाला तिच्या भावाने माझ्याकडूनच लकी बांबूची बरणी नेली. दोनेक महिन्यांनी ती ताई दुकानात आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बरणी तिने काउंटरवर ठेवली. मला वाटलं, भांडायला आली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा, हे वाळलं म्हणजे माझं दुकान नाही चालणार का जी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरणीवर "लकी" मीच लिहून विकलं होतं. नशीब विकलं की कमनशीबही आपणच विकलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. झाड बदलून दिलं, पण तिच्या मनातली शंका बदलून देता आली नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच. दुकानात जे सुंदर दिसतं ते झाड ठेवायचं नाही. गिऱ्हाइकाच्या घरी सहा महिन्यांनी जे जिवंत असेल ते ठेवायचं. मोठ्या शहरात मेलेल्या झाडाचं गिऱ्हाईक परत येत नाही, एवढंच होतं. आपल्याकडे ते परत येत नाही आणि त्याची मावशी, नणंद, शेजारीण, भिशीच्या बारा जणी, यांच्यापैकी कोणीच येत नाही.

झाड पाण्यात मरतं कशाने?

पाणी जास्त झालं म्हणून झाड मरतं, असं आपण म्हणतो. खरं तर मुळांना श्वास कमी पडतो. मुळांनाही ऑक्सिजन लागतो आणि पाण्यात तो विरघळलेलाच मिळतो. पाणी जितकं गरम, तितका ऑक्सिजन कमी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ४० अंशांना तो साडेसहाच्या खाली येतो. आणि गंमत अशी की गरमीत मुळांची ऑक्सिजनची भूक वाढते. भूक वाढली आणि ताट लहान झालं. मग मुळं काळी पडतात, बुळबुळीत होतात, पाणी वास मारतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. हिवाळ्यात हाच जिल्हा विदर्भातल्या सगळ्यात थंड ठिकाणांत असतो, रात्री १० अंशांच्या खाली. ज्या झाडाला दोन्ही सोसतं, तेच तुमचं झाड. पुण्या-बंगळुरूच्या हवेत बनवलेली यादी आपल्या काय कामाची?

दुसरं कारण तर बहुतेकांना ठाऊकच नसतं. मातीत वाढलेली मुळं आणि पाण्यात फुटलेली मुळं वेगळी असतात. कुंडीतून झाड उपटलं, मुळं धुतली, बरणीत खोचलं आणि संध्याकाळी विकलं, असं करणारे खूप आहेत. ते झाड पंधरा दिवस छान दिसतं, कारण पानांत साठा असतो. मग मातीतली जुनी मुळं कुजतात आणि नवी फुटायच्या आत झाड बसतं. म्हणून फांदी कापून पाण्यातच मुळं फोडायची, बोटभर मुळं झाली की मगच बरणीत, आणि बरणीत दोन आठवडे तुमच्या नजरेखाली काढल्यावर मगच विक्रीला. घाई केली की धंदा गेला.

माझी पाच

ही माझी निवड. माझ्या दुकानात आणि घरी तीन-तीन उन्हाळे काढलेली झाडं.

१. मनी प्लांट. मूळचा दक्षिण प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा, पण आता आपल्या घरचाच झालेला. फांदीला जिथे पान फुटतं तिथे गाठ असते आणि गाठीवर छोटा तपकिरी कोंब. तीच गाठ पाण्यात बुडाली पाहिजे, पान नाही. गाठ नसलेला देठ महिनाभर ठेवला तरी त्याला मूळ फुटत नाही. साधा हिरवा-पिवळा घ्या. पांढऱ्या पट्ट्यांचा देखणा असतो, पण त्याला उजेड जास्त लागतो आणि आपल्याकडची बैठकीची खोली दुपारी पडदे ओढून अंधारी केलेली असते.

२. सिंगोनियम. बाणाच्या आकाराची पानं. मनी प्लांटसारखंच गाठीतून फुटतं. वेल लांबली की कापायची, कापलेल्यातून दुसरी बरणी तयार. तुमचा कच्चा माल झाडच देतं.

३. अग्लोनिमा, हिरवा-चंदेरी. कमी उजेडात टिकतो, वाढ हळू, म्हणून ऑफिसच्या टेबलाला उत्तम. लाल-गुलाबी अग्लोनिमा पाहून भुलू नका. तो महाग पडतो आणि अंधाऱ्या खोलीत त्याचा रंग उतरतो.

४. जांभळी ट्रॅडेस्कॅन्शिया. गिऱ्हाईक म्हणतं, "सगळं हिरवंच आहे, रंग नाही." त्याला हे उत्तर. खिडकीजवळ ठेवलं की रंग खुलतो. आठवडाभरात मुळं. दर दोन-तीन महिन्यांनी शेंडे खुडावे लागतात, हे विकतानाच सांगा.

५. छत्री गवत, ज्याला अंब्रेला पाम म्हणतात. मुळात दलदलीतलं, त्यामुळे पाण्याची याला भीतीच नाही. काडी छत्रीसकट कापायची, पानं अर्धी छाटायची आणि छत्री उलटी करून पाण्यावर ठेवायची. मधल्या गाठीतून मुळं आणि कोंब फुटतात. बॅचमध्ये हे दाखवलं की सगळे मोबाइल काढतात. फक्त याला उजेड भरपूर हवा. ओसरी, व्हरांडा, बाल्कनी ही याची जागा.

बाकीच्यांचं काय?

लकी बांबू मी बंद केलेला नाही, पण मागणी असेल तेवढाच आणते आणि "लकी" शब्द काढून टाकला आहे. मुळात तो बांबू नाहीच, आफ्रिकेतला ड्रॅसिना आहे. एक आजोबा तर म्हणाले होते, "काहून जी, आपल्या जंगलात बांबू कमी आहे का, हा विकत घेता?" बरोबर आहे त्यांचं. या झाडाला पाण्यातलं क्लोरीन आणि फ्लोराइड सोसत नाही, पानांचे शेंडे जळतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन बरंच उडतं, फ्लोराइड मात्र राहतं. स्पायडर प्लांटचीही हीच तक्रार. ज्या घरी पावसाचं किंवा चांगल्या विहिरीचं पाणी आहे, तिथेच हे द्या.

स्नेक प्लांट पाण्यात जगतो, पण पानाच्या तुकड्याला मुळं यायला दीड-दोन महिने लागतात. आणि पिवळ्या काठाच्या जातीचा पानाचा तुकडा लावला, तर येणारं नवीन झाड साधं हिरवं येतं. काठ गायब! गिऱ्हाईक म्हणेल, फसवलं. आधी माहीत असलेलं बरं.

आणि ज्यांना सरळ "नाही" म्हणायचं : कोरफड, जेड, निवडुंग, अडेनियम, गुलाब, मोगरा. पाण्यात यांची फांदी काही दिवस ताजी दिसते, कधी मूळही फुटतं, पण बरणीत संसार होत नाही. तुळशीचंही तसंच. पाण्यात मूळ फुटतं, पण पुढे ती रोडावते. ज्या झाडापुढे बाई दिवा लावते ते झाड तिच्या घरी मरेल अशा तऱ्हेने विकू नये. तुळस मातीतच द्या.

हिशेब मांडू

माझ्या आजच्या वहीतला हिशेब असा. बरणी ४५, गोटे १५, मुळं फुटलेली फांदी १०, लेबल आणि पिशवी १५. एकूण ८५ रुपये. विक्री १५०. तुमच्या गावात आकडे थोडे इकडे-तिकडे होतील.

आता दहा बरण्यांची तुलना करा. दोन्हीकडे दहातली चार झाडं मेली असं धरू.

तयार बरण्या आणल्या : २,२०० घातले, सहा विकल्या, २,१०० आले. १०० रुपये तोटा.

स्वतः बनवल्या : ८५० घातले. चार झाडं मेली तर बरणी आणि गोटे कुठे जात नाहीत, फक्त फांदी बदलायची, ४० रुपये. दहाही विकल्या, १,५०० आले. ६१० उरले.

तेवढीच झाडं मेली, पण एकीकडे तोटा आणि दुसरीकडे नफा. फरक एवढाच की दुसऱ्या हिशेबात मातृवृक्ष, म्हणजे जिथून फांद्या कापायच्या ती झाडं, तुमच्या अंगणात आहेत. हे पाच जातींचंच जमतं, बावन्नांचं नाही. बावन्न जाती म्हणजे बावन्न ठिकाणाहून खरेदी आणि प्रत्येकाच्या मरणाचं कारण वेगळं. तुमची मजुरी मात्र यात धरलेली नाही, ती धरायला विसरू नका. बायका हमखास विसरतात.

आणि कर्ज? पंचवीस बरण्यांना सव्वादोन हजारांच्या आत भांडवल लागतं. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, चांगली योजना आहे, पण मिळतं म्हणून घ्यायचं नसतं. पहिला उन्हाळा स्वतःच्या पैशावर काढा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

गोटे आणि बरणी : इथे पण फसगत होते

गोट्यांचं काम झाड उभं धरायचं. त्यातून झाडाला खायला काही मिळत नाही.

सुपारीएवढे गोटे घ्या. चण्याएवढे बारीक घेतले की ते घट्ट बसतात, मधे पाणी फिरत नाही, घाण साठते. रंगीत गोटे आणले तर पांढऱ्या वाटीत गरम पाण्यात रात्रभर भिजवून पाहा. सकाळी पाणी रंगलं असेल तर ते परत करा. पांढऱ्या गोट्यावर लिंबू पिळा. फेस आला तर तो संगमरवर किंवा चुनखडी आहे, पाण्यात हळूहळू चुना सोडणार. आपलं बोअरचं पाणी आधीच जड असेल तर आणखी भर कशाला?

काही जण विचारतात, वैनगंगेच्या, बाघनदीच्या पात्रातून गोटे आणले तर? चार गोटे हौसेने उचलणं वेगळं आणि पोत्यांनी भरून विकणं वेगळं. वाळू-गोटे हे गौण खनिज आहे, परवानगीशिवाय धंद्याला वापरू नका.

साफ काचेत उजेड जातो म्हणून शेवाळ धरतं. गिऱ्हाइकाला मुळं पाहायची असतात, ठीक आहे, पण त्याला सांगा की बरणी उन्हात नको, उजेडात ठेवा. मी काही बरण्यांना खाली ज्यूटचं कापड गुंडाळते. दिसायला छान आणि शेवाळही कमी.

खताचं एक सांगून ठेवते, कारण आपण धानाच्या जिल्ह्यात राहतो. घरात युरियाचं पोतं असतं आणि कोणीतरी कौतुकाने चिमूटभर बरणीत टाकतं. झाड जातं, वास राहतो! कृषी केंद्रात १९:१९:१९ मिळतं, ते एका लिटर पाण्यात पाव ग्रॅम, महिन्यातून एकदा. बस. लेबलवर ठळक लिहा : "युरिया टाकू नका."

डासांचा विषय टाळू नका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि रीलमध्ये तो कधीच नसतो.

डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. म्हणजे आपण जी बरणी विकतो, तीच त्याची आवडती जागा. अंड्याचा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक "कोरडा दिवस" पाळा म्हणतो, तो याच कारणाने. आशाताई घरोघरी येऊन कूलर, टाक्या पाहतात, तेव्हा मनी प्लांटची बाटलीही पाहतात. ज्या जिल्ह्यात सालेकसा-देवरीकडे हिवतापाने लोक वर्षानुवर्षं हैराण झाले, तिथे आपण डासांचं घर रिबीन बांधून विकायचं का?

उपाय अवघड नाही. पाण्याच्या वर एक बोट गोटे येतील इतके गोटे भरा, पाणी उघडं राहत नाही. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी सगळं पाणी ओता. आणि नुसतं ओतू नका, बरणी आतून घासा, कारण अंडी काचेला पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. मी प्रत्येक बरणीवर लेबल लावते : "दर रविवारी पाणी बदला, बरणी घासा." काही गिऱ्हाइकं हे वाचून बरणी परत ठेवतात. ठेवू दे. ज्याला आठवड्याला दहा मिनिटं नाहीत, त्याच्या घरी ती बरणी जाऊ नये.

अजून एक लेबल. मनी प्लांट, सिंगोनियम, अग्लोनिमा या तिन्हींच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. लहान मुलाने किंवा जनावराने चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. घरात रांगतं मूल आहे का, हे मी विचारते. असेल तर बरणी उंच ठेवायला सांगते.

हे विकू नका

"नासाने सिद्ध केलं, हे झाड घरातली हवा शुद्ध करतं." हे वाक्य लिहून झाडं विकणारे तुम्ही पाहिले असतील. नासाचा तो अभ्यास १९८९ चा, आणि तो बंद पेटीत झाडं ठेवून केलेला होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. दारं-खिडक्यांतून नुसती हवा खेळली की जेवढी शुद्ध होते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर एका चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. टेबलावरच्या एका बरणीने काय होणार? डोळ्यांना बरं वाटतं, कोवळं पान निघालं की घरात कौतुक होतं, एवढं खरं आहे आणि विकायला एवढं पुरेसं आहे.

दुसरं, जलपर्णी. जांभळं फूल, फुकटात मिळते, पाण्यावर तरंगते, "बरणीत काय मस्त दिसेल!" नको. ती जगभर पसरली ती अशीच, शोभेचं फूल म्हणून माणसांनीच नेली. आपल्या तलावांत माजलेली बेशरमही दक्षिण अमेरिकेतून आलेलं शोभेचंच झुडूप. आपला आणि भंडाऱ्याचा भाग तलावांचा, मामा तलावांवर किती गावांचं धान आणि किती ढिवर कुटुंबांची मासोळी अवलंबून आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या बायांनी गुडघाभर पाण्यात उतरून हातांनी बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा कुठे मासे परतायला लागले. एकाची हौस दुसऱ्याच्या पोटावर येते ती अशी. म्हणून गिऱ्हाइकालाही सांगा, बरणीतलं झाड नको झालं तर तलावात, नाल्यात टाकू नका. वाळवून कचऱ्यात टाका किंवा मला परत द्या.

"पण ताई, मनी प्लांट तर फुकट मिळतो!"

मिळतोच. उलट चोरून आणलेलाच फळतो असं लोक मानतात. मग १५० रुपये कशाचे?

मुळं फुटलेली आहेत त्याचे. बरणी-गोटे तपासलेले आहेत त्याचे. आणि सगळ्यात जास्त पैसे या एका वाक्याचे : "झाड गेलं तर बरणी घेऊन या, तीन महिन्यांत बदलून देते." मला ते दहा रुपयांत पडतं. गिऱ्हाइकाला ते वाक्य दुसरीकडे मिळत नाही. ज्या ताई झाड बदलायला आल्या, त्यांतल्या कितीतरी जणींनी जाताना दुसरी बरणी नेली आहे. हे वाक्य तुम्ही बावन्न जातींवर लिहू शकाल का? पाचांवर मी डोळे मिटून लिहिते.

व्हरायटी नसेल तर गिऱ्हाईक थांबत नाही, असं म्हणणाऱ्यांचं पूर्ण चुकीचं नाही. नजर खिळवायला काहीतरी लागतं. पण ती व्हरायटी बरणीत ठेवा. चहाचा काचेचा ग्लास, लोणच्याची जुनी बरणी, सावरटोल्या-गावाकडून आणलेल्या बांबूच्या टोपलीत बसवलेली बाटली. बुरूड कारागिराला काम मिळतं, तुमचा माल वेगळा दिसतो, आणि न विकलेली टोपली मे महिन्यात मरत नाही.

तर मग करायचं काय?

पावसाळा लागला की फांद्या पटापट फुटतात. तेव्हा पाच जातींची मातृझाडं लावा. दिवाळीला धान विकून बाजारात पैसा येतो, त्या वेळी पंचवीस बरण्या ओळखीच्या घरांत विका, प्रत्येकीचं नाव वहीत लिहा. आणि मे महिना संपला की त्या पंचवीस घरी फोन करा : "ताई, झाड आहे का?" उत्तर आलं ते लिहा. ती वही म्हणजे तुमचा मार्केट सर्व्हे. ती भरल्याशिवाय दुकानासाठी गाळा शोधू नका.

पाचातली तीनच टिकली तर तीनच ठेवा. माझी पाच तुमच्या गावी चार होतील, एखादी सहावी तुम्हाला सापडेल, ती मला जरूर कळवा.

त्या आमगावच्या ताईचं दुकान आजही चालू आहे. आता तिथे दोन मशीन आहेत आणि खिडकीत छत्री गवताची बरणी. मी विचारलं, "झाड कसं आहे?" ती म्हणाली, "मस्त आहे जी. आणि वाळलं तरी काही नाही होत, माहीत आहे मला."

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर घरातली एक बरणी उचला, आज कोणता वार आहे ते पाहा, आणि पाणी बदला.